कडक टाच, नरम टाच

सौंसरच्या बाहेर, नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून दोन खोल्यांची एक लॅब होती. विटा, सिमेंटचे ठोकळे, फरश्या, असलं बांधकामाचं सामान तिथे तपासून मिळायचं. उत्तम गजभिये तिथे चोवीस वर्षं नोकरीला होता. त्याचा बाप जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी उचलायचा. उत्तम बारावी सायन्स झाला आणि कोणाच्या तरी ओळखीने लॅबमध्ये चिकटला. पहिली सहा वर्षं त्याने फक्त सिमेंटचे ठोकळे टाकीत बुडवले, अठ्ठावीस दिवसांनी बाहेर काढले आणि मशीनखाली फोडले. बोटांना पडलेल्या चिरा नंतर कधीच पुऱ्या भरल्या नाहीत. पुढे लॅबचे मालक श्रीधर सर यांनी त्याला एकेक मशीन शिकवलं, आणि रिपोर्टवर 'तपासणारा' असं छापलेल्या जागेवर त्याची सही यायला लागली.

ती सही म्हणजे त्याच्या जन्माची कमाई होती. त्याने कधी मनाने आकडा लिहिला नाही, कधी ठेकेदाराचा चहासुद्धा मशीन चालू असताना घेतला नाही. घरीही तीच तऱ्हा. भाजीवालीने दिलेली पाव किलो भाजी हातात धरून तो सांगायचा, वीसेक ग्रॅम कमी आहे. भाजीवाली पुन्हा तोलायची आणि तेवढंच कमी भरायचं. त्याची बायको चंद्रकला म्हणायची, "ह्यांच्यासंग बाजारात जायची लाज वाटते मले." पण हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर लाज नसायची.

चंद्रकला गावातल्याच एका ट्रस्टच्या बाळंतपणाच्या दवाखान्यात आया होती. पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला त्याच सुमाराला त्या ट्रस्टने दवाखान्याला नवी इमारत जोडली. जुन्या इमारतीतून नव्या इमारतीत जायला छप्पर घातलेली वाट केली. चाळीसेक पावलांची वाट, मधे थोडा उतार. त्या वाटेवर बसवायच्या फरशीचे सहा नमुने एका सकाळी ठेकेदाराचा माणूस लॅबमध्ये ठेवून गेला. मलईच्या रंगाची, चकचकीत फरशी. ओली झाल्यावर ती किती घसरते ते तपासून हवं होतं.

त्यासाठी लॅबमध्ये एक झुलतं मशीन होतं. उंच खांबाला एक दांडा, दांड्याच्या टोकाला रबराचा छोटा तुकडा. दांडा वरून सोडला की तो झोका घेत खाली येतो, रबर ओल्या फरशीला वीतभर घासून जातं आणि काटा एका आकड्यावर थांबतो. आकडा मोठा तेवढी फरशी पायाला धरून ठेवते. छत्तीसच्या वर आला की फरशी पास. त्या रबराच्या तुकड्याला लॅबमध्ये 'टाच' म्हणत. डब्यात दोन टाचा होत्या. एक कडक, बूट घालून चालणाऱ्यांच्या हिशोबाची. दुसरी नरम, अनवाणी चालणाऱ्यांच्या हिशोबाची. नरम टाच कोणी मागतच नसे, त्यामुळे ती तशीच पुडीत पडून होती.

सोबत आलेल्या, बांधकामाच्या इंजिनिअरच्या पत्रात कडक टाच लिहिलेली होती. उत्तमने टाच खरखरीत कागदावर घासून घेतली, फरशी ओली केली, तीन बाजूंनी झोके घेतले, सरासरी काढली. अडतीस. फरशी पास.

काम तिथेच संपायचं. पण संध्याकाळी नमुने धुवायला तो ते अंगणात घेऊन गेला. चप्पल काढून ठेवली होती. एक फरशी खाली ठेवून तो दुसरी उचलायला वळला तो त्याचा पाय त्या ओल्या फरशीवर पडला आणि सरळ निघून गेला. भिंत हाताशी होती म्हणून वाचला. मग त्याने मुद्दाम पुन्हा पाय ठेवला. पाय पुन्हा निघाला.

पुढचे तीन दिवस, दुपारी सर जेवायला घरी गेले की उत्तम तीच फरशी मशीनखाली घेऊन बसू लागला. लॅबच्या सवयीप्रमाणे कडक टाच फक्त खरखरीत कागदावर घासत. खरं म्हणजे त्यानंतर एका बारीक गुलाबी कागदावर घासून ती गुळगुळीत करायची असते. मशीनच्या पुस्तकात तसं लिहिलेलं होतं, पण तो कागद बाहेरून मागवावा लागे आणि तेवढा कुटाणा कोणी करत नसे. मशीनबरोबर आलेले त्याचे दोन तुकडे जुन्या डब्यात पडून होते. त्यातला एक त्याने वापरला. तीच टाच, तीच फरशी, आणि काटा एकोणतीसवर थांबला. दुसऱ्या दिवशी मोच्याकडून चामड्याचा तुकडा आणून लावला. सव्वीस. मग पुडी फोडून नरम टाच लावली. एकवीस. उत्तमने दांड्याचा स्क्रू तपासला, पाणी बदललं, पुन्हा झोके घेतले. एकवीसच.

तिसऱ्या दिवशी त्याने चंद्रकलाची दवाखान्यातली जुनी चप्पल पिशवीत घालून आणली, तिच्या झिजलेल्या टाचेचा चौकोनी तुकडा कापला आणि तो दांड्याला बसवला. अठरा.

हे पाचही आकडे त्याने आपल्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिले आणि वही घेऊन सरांच्या टेबलापाशी गेला.

श्रीधर सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी पान नीट वाचलं, चष्मा काढला.

"उत्तमभाऊ, पत्रात काय मागितलंय?"

"कडक टाच."

"आपण काय लावली?"

"कडक टाच."

"आकडा किती आला?"

"अडतीस. पण सर, बारीक कागद नाही मारला आपण."

"आजपर्यंत कधी मारला?"

चोवीस वर्षांत कधी मारला नव्हता. मग तो म्हणाला, "तिथं लोक चपला बाहेर काढून आत जातात सर. दवाखाना आहे. दिवसातून चार वेळा पोछा लागते. बाया अनवाणी चालतात."

"ते इंजिनिअरने पाहावं. विचारलं तेवढं आपण सांगायचं. न विचारलेलं लिहायला लागलो तर उद्या या दारात कोण माल घेऊन येईल?" मग सर हळू आवाजात म्हणाले, "यात खोटं काही नाही. अडतीस तुम्हीच काढले."

उत्तमने सही केली. अडतीस हा आकडा खरा होता, आणि त्या एका गोष्टीला तो पुढे बरेच दिवस धरून राहिला.

त्या रविवारी तो बसने पांढुर्ण्याला गेला. चपलांच्या दुकानात एकेका चपलेचा तळ अंगठ्याने दाबून पाहत बसला. दुकानदाराकडे पाणी मागितलं, ते दुकानाच्या फरशीवर ओतलं आणि चपला घासून पाहिल्या. दुकानदार हसला आणि म्हणाला, "भाऊ, चप्पल घेऊन राहिले का बैल?" उत्तमने नरम तळाची, खोल रेघांची एक जोडी बांधून घेतली.

घरी चंद्रकलाने ती उलटीपालटी करून पाहिली. "काऊन आणली? जुनी चांगली होती."

"फाटली होती."

"फाटली कायची, तुमीच तर कापली."

"नव्या बिल्डिंगमंधी हेच घालत जाय," तो म्हणाला. "आतमंधी काढू नको."

कामावरच्या बायांना आत घालायला वेगळी चप्पल चालत असे. त्यामुळे तिने आणखी विचारलं नाही.

दिवाळीनंतर ती वाट सुरू झाली. पहिले काही आठवडे उत्तम रोज संध्याकाळी विचारायचा, कोणी पडलं तर नाही. चंद्रकला म्हणायची, एक बाई सरकली पण सावरली, एका नर्सच्या हातातला ट्रे पडला. "नवी फरशी आहे नं, घासली की थांबते," ती म्हणायची. फरशी घासल्याने आणखी गुळगुळीत होते हे त्याला माहीत होतं. तरी तो दुसरा विषय काढायचा. पौर्णिमेला विहारात पंचशील म्हणताना चौथ्या शीलापाशी, खोटं न बोलण्याच्या शीलापाशी, त्याचा आवाज आपोआप खाली जायचा. शेजारी बसलेल्यांना ते कळत नव्हतं. त्याला कळायचं.

जानेवारीत उर्वशी नावाची एक मुलगी त्या दवाखान्यात बाळंत झाली. दुसरी खेप, मुलगा. सासर सौंसरचं. तिची आई पंचफुलाबाई तिगावजवळच्या खेड्यातून लेकीजवळ थांबायला आली होती. साठीची, अंगाने बारीक, पहाटेपासून कामाला लागणारी बाई. तीन दिवसांत तिची चंद्रकलाशी गट्टी जमली. तिने गावाकडून आणलेली संत्री वॉर्डातल्या सगळ्या बायांना वाटली.

चौथ्या दिवशी सकाळी आठच्या सुमाराला पंचफुलाबाई लेकीच्या अंघोळीला गरम पाण्याची बादली घेऊन जुन्या इमारतीतून निघाली. पाय अनवाणी. झाडपोछा करणाऱ्या मीनाने नुकताच पोछा मारला होता आणि वाट अजून वाळली नव्हती. उतारावर पंचफुलाबाईचा पाय गेला. बादली एकीकडे, ती एकीकडे. आधी कंबर आदळली, मग डोक्याची मागची बाजू.

चंद्रकला वाटेच्या दुसऱ्या टोकाला होती. ती धावत आली, तिचं डोकं मांडीवर घेतलं. पंचफुलाबाई शुद्धीवर होती. तिने विचारलं, "पोरीले आंघोळीचं पाणी नाही गेलं नं?" दुपारी तिला नागपूरला हलवलं. एकोणिसाव्या दिवशी ती तिथेच वारली.

पंचफुलाबाई वारल्याची बातमी आली त्या संध्याकाळी चंद्रकला घरी आली, पण आत आली नाही. अंगणातल्या दगडावर बसून राहिली. पायातली चप्पल काढून तिने समोर ठेवली होती. उत्तम बाहेर आला तेव्हा ती चपलेकडेच बघत होती.

"मी धावत गेली होती," ती म्हणाली. "त्याच वल्या फरशीवरून. तिचं गरम पाणीबी सांडलं होतं. माहा पाय बोटभर नाही सरकला."

उत्तम पायरीवर टेकला.

"तुमी पांढुर्ण्याला जाऊन आणली हे चप्पल. जुनी कापली. आतमंधी काढू नको म्हटलं." तिने मान वर केली. "तुमाले मालूम होतं."

मग उत्तमने सगळं सांगितलं. कडक टाच, नरम टाच, गुलाबी कागद, अडतीस आणि एकवीस आणि अठरा. सर काय म्हणाले, त्याने सही कशी केली. ती ऐकत होती. तो थांबल्यावर ती म्हणाली,

"मले तुमी चप्पल आणली. तिले कोण आणणार होतं?"

ती उठली, आत गेली, चुलीपाशी बसली. त्या दिवसापासून तिने ती चप्पल घातली नाही. उत्तमने एकदा म्हणून पाहिलं, "घाल नं, नाही तं तूबी पडशील." ती म्हणाली, "सगळ्या बाया जशा चालून राहिल्या तशी मी चालीन." ती रोज अनवाणी त्या वाटेवरून जायची आणि तो रोज लॅबमध्ये घड्याळाकडे बघत बसायचा.

फेब्रुवारीत ट्रस्टने चौकशी केली. चौकशीत फरशीचा रिपोर्ट निघाला. त्यावर अडतीस होते, पास होतं, उत्तमची सही होती. म्हणजे फरशीचा दोष नाही. दोष पोछ्याचा. ओल्या जागेवर पाटी ठेवली नाही, असं लिहून मीनाला कामावरून कमी केलं. पाटी अशी वस्तू त्या दवाखान्यात कधी नव्हती. मीना तिथे बारा वर्षं होती. तिच्या घरात दुसरं कमावणारं कोणी नव्हतं.

हे चंद्रकलाने त्याला जेवताना सांगितलं, दोनच वाक्यांत. "मीनाले काढलं. तुमच्या कागदावर काढलं."

दुसऱ्या दिवशी उत्तमने वहीचं शेवटचं पान समोर ठेवलं आणि एका कोऱ्या कागदावर सुवाच्य अक्षरात सगळं उतरवलं. कोणती टाच, ती कशी घासली, फरशी किती ओली, किती झोके, काय आकडा. खाली लिहिलं की या वाटेवर माणसं अनवाणी चालतात, म्हणून नरम टाचेचा आकडा धरायला हवा होता आणि तो एकवीस आहे. हे मला सही करण्याआधी माहीत होतं, हेही लिहिलं. ते वाक्य लिहायला त्याला सगळ्यात जास्त वेळ लागला. एक प्रत त्याने ट्रस्टच्या ऑफिसात दिली, एक पोलीस ठाण्यात.

दोन दिवसांत सरांना कळलं. त्यांनी आवाज चढवला नाही. "मी तुम्हाला मशीन शिकवलं," ते म्हणाले. "लॅबचं नाव गेलं आता. मी तुम्हाला ठेवू शकत नाही उत्तमभाऊ. माझ्या जागी असता तर तुम्हीही मला ठेवलं नसतं."

उत्तमने किल्ल्या टेबलावर ठेवल्या. मशीनवर कापड घालायचं राहिलं होतं, ते घालून तो बाहेर पडला.

ट्रस्टचं उत्तर महिन्याने आलं. आपला कागद लॅबच्या छापील पत्रावर नाही, सबब विचारात घेता येत नाही. मूळ तपासणी मागणीप्रमाणे बरोबर आहे. मीनाचा त्यात उल्लेखही नव्हता. पोलीस ठाण्यातून तर काहीच आलं नाही.

तो मीनाच्या घरी गेला. ती दारात बसून तांदूळ निवडत होती. त्याने सगळं सांगितलं, कागदही दाखवला. तिने कागद हातात घेतला नाही.

"ह्या कागदानं माहं काम वापस येते काय?"

"नाही."

"मंग मले कायले दाखवून राहिले?" ती म्हणाली. "तुमचं मन हलकं कराले?"

तिने सूप उचललं आणि आत गेली. पुढे ती संत्र्याच्या तोडीवर जायला लागली असं चंद्रकलाकडून त्याला कळलं. चंद्रकला तिला भेटायला जायची, पण नवऱ्याची गोष्ट दोघीही काढत नसत.

उन्हाळ्यात तो तिगावला उतरला आणि विचारत विचारत पंचफुलाबाईच्या घरी पोचला. तिचा मुलगा राजू अंगणात मोटारीचा पंप उघडून बसला होता. पस्तिशीचा, हात ग्रीसने काळे. उत्तमने आपलं नाव सांगितलं, काम सांगितलं, आणि मग न थांबता बाकीचं सांगितलं. राजू पंपाकडे बघत ऐकत राहिला.

"म्हणजे माही माय त्या फरशीवर पडणार हे तुमाले आधीच मालूम होतं."

"कोणी ना कोणी पडेल हे मालूम होतं."

"एकच झालं."

"हो," उत्तम म्हणाला.

राजूने हातातला पाना खाली ठेवला. उत्तमला वाटलं तो उठेल, हात उचलेल. उचलला असता तर बरं झालं असतं असंही त्याला वाटलं. पण राजू तिथेच बसून राहिला. मग म्हणाला, "आमी तं मायलेच बोललो. दवाखान्यात पडली होती तवा. कायले बादली घेऊन गेली, तुले कोण सांगतलं होतं, असं म्हणून म्हणून बोललो तिले. ते मेली तवाबी तिले वाटत होतं चुकी तिचीच आहे."

घरातून कोणी चहा आणला नाही. उत्तमलाही तो पिता आला नसता. निघताना राजूने त्याच्याकडून कागदाची एक प्रत मागून घेतली.

त्या कागदावर राजूने पावसाळ्यात सौंसरच्या कोर्टात केस टाकली. ट्रस्टवर, ठेकेदारावर, लॅबवर आणि उत्तमवरही. वकिलाने त्याला विचारलं, उत्तमला सोडायचं का, तो आपल्याच बाजूने बोलेल. राजू म्हणाला, सही त्याची आहे. उत्तमला नोटीस आली तेव्हा त्याने ती दोनदा वाचली आणि चंद्रकलाकडे दिली. तिने वाचून घडी घातली. "बरोबर केलं त्यानं," ती म्हणाली. खूप दिवसांनी ती त्याच्या शेजारी बसली. पण त्याच्याकडे पाहिलं नाही.

दवाखान्यातली फरशी बदललेली नाही. तपासणीला कोणी साहेब येणार होते तेव्हा उतारावर काळ्या खरखरीत पट्ट्या चिकटवल्या होत्या. फिनाइलने त्या दोन महिन्यांत सुटल्या. आता बाया भिंतीला हात लावून चालतात. भिंतीवर, कमरेच्या उंचीवर, एक मळकट रेघ उमटली आहे.

उत्तम आता पांढुर्ण्याच्या एका गोदामात संत्र्यांच्या पेट्या मोजतो. केसला दीड वर्ष होत आलं. तारीख लागते, उत्तम जातो, राजू येतो, जज साहेब रजेवर असतात किंवा ट्रस्टचा वकील मुदत मागतो. पहिल्या चार तारखांना दोघे कोर्टाच्या आवाराच्या दोन टोकांना उभे राहिले. पाचव्या तारखेला ऊन फार होतं आणि सावलीत एकच बाकडं होतं, म्हणून दोघे त्यावर बसले, मधे एका माणसाची जागा सोडून. उर्वशीचं पोरगं चालायला लागलं, राजूने सांगितलं. उत्तमने मान हलवली.

शेवटच्या तारखेलाही पुकारा झाला आणि पुढची तारीख मिळाली. राजूने ती मोबाइलवर लिहून घेतली आणि म्हणाला, "तवा कापसाची वेचणी राहते. माह्यानं येणं नाही होणार."

"मी येतो," उत्तम म्हणाला. "काय झालं ते फोनवर सांगतो."

राजूने त्याचा नंबर घेतला. मग तो तिगावच्या बसकडे गेला आणि उत्तम पायी घराकडे निघाला.